आप्त कोण? इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यांना मिळणारे सल्ले आणि एक जुनी चूक

या मालेत आम्ही न्यायदर्शनावर बोललो, चार्वाकांवर बोललो, मागच्या खेपेला कांटवर बोललो आणि त्या दिवशी मागच्या दोन रांगांना झोप लागली होती हेही आम्ही पाहिलं. आज विषय इलेक्ट्रिक गिटारचा आहे असं कळल्यावर त्याच मागच्या रांगा भरल्यात, आणि पुढच्या रांगेतली आमच्या वयाची मंडळी जरा काळजीत दिसतात. काळजी करू नका. ॲम्प्लिफायर आणलेला आहे, पण तो शेवटी लावायचा आहे, आणि आवाज लहानच ठेवू.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसानं या वाद्यात का पडावं? तर झालं असं की आमच्या नातवानं दहावीच्या सुटीत इलेक्ट्रिक गिटार मागितली. ती आली. तिच्याबरोबर छोटा ॲम्प आला, केबल आली, पिशवी आली, पिकांची एक डबी आली. चार महिने घरात आवाज होता. पाचव्या महिन्यात गिटार भिंतीवर गेली आणि ॲम्पवर इस्त्रीचे कपडे येऊन बसले. आम्हाला वाटलं, आपलंच पोर धरसोडीचं. पण हा प्रकार जगभर आहे. फेंडर ही गिटार बनवणारी मोठी अमेरिकन कंपनी. तिच्या प्रमुखांनीच काही वर्षांपूर्वी सांगितलं होतं की नव्यानं गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के लोक पहिल्या वर्षातच ती सोडून देतात. शंभरातली नव्वद माणसं धरसोडीची असतील हे आम्हाला पटत नाही. शंभरातले नव्वद विद्यार्थी नापास झाले तर आपण प्रश्नपत्रिका मागवून बघतो की नाही?

म्हणून आम्ही प्रश्नपत्रिका मागवली. म्हणजे नातवानं जे जे सल्ले वाचले, पाहिले, ऐकले ते सगळे ओळीनं बघितले. भिंतीवरची गिटारही खाली काढली, वयाच्या 71व्या वर्षी. तेव्हा आज आम्ही जे बोलणार ते थोडंसं वाजवून बोलणार आहोत. फार थोडंसं.

या सल्ल्यांचा निम्मा भाग 'कोणती घ्यावी' यावरच खर्च होतो. तो आम्ही सोडून देतो. फेंडरनं 1950 मध्ये जी सपाट लाकडी गिटार काढली, जिला पुढे टेलिकास्टर हे नाव मिळालं, आणि 1954 मध्ये जी स्ट्रॅटोकास्टर काढली, त्यांचा मूळ आराखडा आजही तोच आहे. आज बाजारातली स्वस्त गिटारसुद्धा त्याच वळणाची असते आणि नवशिक्याला पुरते. दुकानदाराकडून तारांची उंची तेवढी नीट करून घ्यावी. तार पडद्यापासून फार वर असली तर बोट दाबताना सूर चढतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. एवढं पुरे.

आता दुसरा सल्ला. हा मात्र सोडता येत नाही, कारण तो सल्ल्याच्या वेषातला उपदेश आहे. 'आधी साधी, पोकळ पेटीची गिटार शिका, बोटं कडक होऊ द्या, मग इलेक्ट्रिककडे वळा.' हा तुम्ही सर्वांनी ऐकला असेल. आम्ही स्वतः तो दिलेला आहे. याच्या मागे काय समजूत आहे बघा. जे दुखतं ते पक्कं होतं, आणि जे सोपं जातं त्यात काहीतरी खोट आहे. आपल्याकडे या समजुतीला तपाचा वास आहे म्हणून ती फार आदरणीय वाटते.

पण वस्तुस्थिती तपासू. साध्या गिटारवर साधारणपणे सर्वांत बारीक तार 12 हजारांश इंच जाडीची असते, इलेक्ट्रिकवर 9 किंवा 10 हजारांश. फरक नखाएवढाही नाही, पण बोटाला विचारा. साध्या गिटारची पेटी आवाज वाढवते, म्हणून तिथे जाड तार जोरानं छेडावी लागते. इलेक्ट्रिकमध्ये तारेखाली चुंबक असतो, त्याच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज उमटते, आणि आवाज वाढवायचं काम ॲम्प करतो. जिथे जोराचं काम यंत्राकडे आहे तिथे बोटाला जोराची शिक्षा कशासाठी?

इथे आम्हाला बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी आठवतो. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं गाव, आणि गिरण्यांच्या गावात राहिलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. 1965 मध्ये, वयाच्या 17व्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे पडदे दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि जाड तारा दाबवेनात म्हणून अमेरिकन बँजोच्या हलक्या तारा गिटारला लावल्या. पुढे तारा आणखी सैल करून तो खाली उतरत्या सुरात वाजवू लागला. 1970 मध्ये त्याच्या ब्लॅक सॅबथ या संचाची पहिली तबकडी आली. त्या संगीताला आजची मुलं 'हेवी' म्हणतात. म्हणजे वजनदार! जगातला तो वजनदार आवाज हलक्या तारांतून आणि प्लास्टिकच्या बोटांतून आलेला आहे. तेव्हा 'बोटं कडक करा' म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

या सल्ल्याला आमचा आणखी एक आक्षेप आहे, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. ही दोन वाद्यं एकाच विद्येच्या सोप्या-अवघड पायऱ्या नव्हेत. साध्या गिटारवर काय वाजवायचं ते शिकावं लागतं. इलेक्ट्रिकवर काय वाजू द्यायचं नाही तेही शिकावं लागतं. ॲम्पचा आवाज चढवला की तुम्ही न छेडलेल्या पाच ताराही आपापलं बोलायला लागतात. त्या गप्प ठेवायच्या, उजव्या पंजाची कड घोडीजवळ टेकवून आणि डाव्या हाताची रिकामी बोटं तारांवर नुसती ठेवून. निम्मं वादन या गप्प ठेवण्यात आहे. आमच्या वाचनातल्या बहुतेक सल्ल्यांत ही गोष्ट शेवटी येते, किंवा येतच नाही. इलेक्ट्रिक गिटार केबल न लावता वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही, दोन खोल्यांच्या घरात ही मोठी सोय आहे, आम्हीही रात्री तसंच वाजवतो. पण सहा महिने तसंच वाजवणाऱ्याला तारा गप्प ठेवणं कळतच नाही, कारण त्या बोलतात हे त्याला ऐकूच आलेलं नसतं. दिवसातली दहा मिनिटं तरी ॲम्प लावून, आवाज लहान ठेवून वाजवावं.

आता तिसरा सल्ला. 'आधी पाया पक्का करा.' आजच्या व्याख्यानाचं खरं कारण हा सल्ला आहे.

सुमारे 1985 सालची गोष्ट सांगतो. आम्ही तेव्हा तरुण प्राध्यापक होतो, आणि पेटी बऱ्यापैकी वाजवत होतो. महाविद्यालयात पूर्वभागातून एक मुलगा येई. घरात यंत्रमाग, घरची भाषा तेलुगू, बोलायला मराठी, आणि गणपतीच्या दिवसांत बँजो पार्टीत बँजो वाजवायचा. हा बँजो म्हणजे आयोमीनं ज्याच्या तारा घेतल्या तो नव्हे. आपला बँजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांचा, लांबट पेटीवर तारा ताणलेला बुलबुल तरंग. मूळ जपानी तैशोगोतो, 1912 मध्ये नागोयात जन्मलेलं वाद्य. आपल्या लोकांनी ते घेतलं, त्याला पिकअप बसवला, कर्ण्याला जोडलं आणि मिरवणुकीत नेलं. म्हणजे लक्षात घ्या, आपल्या गल्लीत विजेवर वाजणारं तंतुवाद्य कधीचंच होतं. त्याला कुणी 'इलेक्ट्रिक' म्हटलं नाही एवढंच.

तर या मुलानं ऑर्केस्ट्रातल्या कुणाकडून तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली आणि एक दिवस ती घेऊन आमच्या घरी आला. त्याच्या मामांकडे मिरजेचा तंबोरा होता, मामा गायचे. त्यानं गिटारची एक तार तंबोऱ्याच्या षड्जाला लावली होती. तो म्हणाला, "सर, सा बरोबर लागतो, प बरोबर लागतो, पण चौथ्या पडद्यावरचा ग चढा लागतो. तंबोऱ्यातला ग आणि हा ग एक नाहीत."

आम्ही काय केलं? आम्ही आमची पेटी उघडली, त्याच्या सा मध्ये ग वाजवला, तो गिटारच्या ग शी तंतोतंत जुळला. आम्ही म्हटलं, "बघ, बरोबर आहे. तुझा कान अजून तयार नाही. आधी पाया पक्का कर. नोटेशन शीक, स्केल शीक. शंका नंतर काढ." आमच्याकडे तेव्हा परदेशी पद्धतीचं एक गिटारचं पुस्तक होतं, एकेक तार, एकेक स्वर, कागदावरून वाचत जायचं असं. ते त्याला दिलं. त्यानं ते आदरानं नेलं. महिन्याभरानं आदरानंच परत आणून दिलं.

पुढे पुष्कळ वर्षांनी एका मंगल कार्यालयाच्या दारात तो भेटला. लाउडस्पीकरचा व्यवसाय करतो, चांगलं चाललंय. वाकून नमस्कार केला. आम्ही विचारलं, गिटारचं काय झालं रे? "ती त्याच दिवाळीत विकली, सर," असं म्हणून हसला. निघताना केबल गुंडाळत म्हणाला, "पण तो ग चढाच होता ना, सर?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. नातवाची गिटार खाली काढल्यावर मात्र पहिलं काम आम्ही ते केलं. आणि श्रोतेहो, तो ग चढाच आहे. मुलाचं बरोबर होतं, आमचं चुकलं होतं.

का, ते थोडक्यात सांगतो. गिटारचे पडदे एका सप्तकाचे 12 समान भाग करून बसवलेले असतात. पेटीच्या पट्ट्याही तशाच लावलेल्या. म्हणून आमच्या पेटीनं गिटारच्या बाजूनं साक्ष दिली. दोन्ही साक्षीदार एकाच घरचे! तंबोऱ्यात मात्र ग कुणी बसवत नाही. षड्जाची तार छेडली की तिच्या पाचव्या उपस्वरातून तो आपोआप उमटतो, म्हणून तर गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सप्तकाचे 1200 सेंट मानले तर स्वयंभू गंधार 386 वर येतो आणि गिटारचा चौथा पडदा 400 वर. सुमारे 14 सेंटचा फरक. एका पडद्याच्या अंतराचा सातवा हिस्सा म्हणा. समान भागांच्या पडद्यांना कारण आहे, त्यांच्यामुळे कुठल्याही सुरात कॉर्ड वाजवता येतात. ती तडजोड आहे, लबाडी नाही. पण तडजोड ज्याच्या कानाला कळली त्याचा कान कच्चा ठरवणं, ही लबाडी होती, आणि ती आमची होती.

यात वाईट काय वाटतं सांगू? याच प्रश्नावर मोठमोठी माणसं भांडलेली आहेत. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं, आणि तीही एकदम पुरती उठली नाही. त्या बंदीमागे इतर कारणं असतील, पण पेटीचे स्वर आपल्या गाण्याच्या स्वरांशी जुळत नाहीत हा आक्षेप त्यात होताच. तीस वर्षं जो वाद चालला तो एकोणीस वर्षांच्या पोरानं स्वतःच्या कानानं उभा केला होता, आणि आम्ही त्याला सांगितलं, आधी पाया.

त्या वर्षी आम्ही वर्गात काय शिकवत होतो? न्यायदर्शन! चार प्रमाणं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. त्यात प्रत्यक्ष पहिलं. शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आणि आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं याचं फार सुंदर लक्षण दिलंय. ज्याला ती गोष्ट साक्षात कळलेली आहे, आणि जशी कळली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. म्हणजे पदवी, जात, वय यांचा संबंध नाही. वर्गात हे शिकवून आम्ही घरी आलो आणि मुलाचं प्रत्यक्ष बाजूला सारून पुस्तकाचा शब्द त्याच्या हाती दिला. शिवाय आम्ही आप्तही नव्हतो. गिटार आम्ही तोवर हातात धरलेली नव्हती.

आता या लक्षणावर आजचे सल्लागार तपासू. फोनवर शिकवणारी जी मंडळी आहेत, त्यांतली कित्येक उत्तम वाजवतात. फुकट शिकवतात, मनापासून शिकवतात. गिटारबद्दल ती आप्त आहेत, हे आम्ही मान्य करतो. पण नवशिक्याला दिलेल्या सल्ल्यात दोन गोष्टी असतात. एक गिटार, दुसरा तो नवशिका. गिटार त्यांनी साक्षात जाणलेली आहे. तुम्हाला त्यांनी ऐकलेलं नाही. 'तुमची ही चूक होत असेल', 'तुम्ही घाई करत असाल', 'तुम्हाला रोज पंधरा मिनिटं पुरतील' ही वाक्यं न ऐकलेल्या माणसाविषयी आहेत. तिथे ती मंडळी आप्त नाहीत. ती अनुमान करताहेत, आणि अनुमानाला हेतू लागतो. न ऐकता हेतू कुठून आणणार?

'रोज सराव करा' हेही असंच. कोण नाही म्हणेल? पण ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात एक फार व्यवहारी गोष्ट नोंदवून ठेवली आहे. वीणेसारखं लायर नावाचं वाद्य तिकडे होतं. तो म्हणतो, लायर वाजवूनच माणूस चांगला वादक होतो आणि लायर वाजवूनच वाईट वादकही होतो. म्हणून तर शिक्षक लागतो. सराव दोन्ही पक्कं करतो, बरोबर ते आणि चूक तेही. आमच्या नातवानं चार महिने रोज सराव केला होता. टॅब बघून. टॅब म्हणजे सहा रेघा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे. आकडा बघून बोट जातं, कानाला कामच उरत नाही. एक दिवस त्याची तिसरी तार पाऊण स्वर उतरलेली होती आणि तो गाणं शेवटपर्यंत वाजवून आनंदानं थांबला. आकडे सगळे बरोबर होते ना! त्यात त्याचा दोष नव्हता. त्याला कुणी 'ऐक' म्हटलंच नव्हतं, आणि त्यालाही कुणी ऐकत नव्हतं. आम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो.

आता इथे शास्त्रीय संगीतवाले मित्र म्हणतील, अहो आमच्याकडे तर वर्षभर नुसता सा लावायला लावतात, तो पायाच नाही का? मुळीच नाही. 'पाया' हा शब्द गवंडीकामाचा आहे. पाया जमिनीत गाडतात, त्यात कुणी राहत नाही, त्याचा आनंद कुणी घेत नाही. गुरुजींसमोर तंबोऱ्यात लावलेला सा हे पुरतं गाणं आहे. समोर एक कान बसलेला आहे, मागे तंबोरा बोलतो आहे, आणि सा जरा हलला तर गुरुजींची भुवई हलते. हे पुस्तकातल्या पहिल्या धड्याबरोबर कसं मोजता येईल? भूपिंदर सिंग आठवा. 'दम मारो दम'मधली गिटार, 'चुरा लिया'च्या सुरुवातीची गिटार त्यांच्या हातची. माणूस गाणाऱ्या घरातला, स्वतः गझल गाणारा. गिटार हातात येण्याआधी कान तयार झालेला होता. ती गिटार ऐकताना कुठे आकडे ऐकू येतात का?

आणि कान तयार करण्याच्या जागा आपल्याकडे कमी आहेत असं कुणी म्हणू नये. सोलापूरचं लेझीम घ्या. नवीन मुलाला कुणी डावांची यादी देत नाही. तो सरळ मागच्या रांगेत उभा राहतो. हलगी चालू असते. पहिल्या दिवशी त्याला निम्मे डाव येत नाहीत, पण तो सुरुवातीपासून लेझीमच खेळत असतो, लेझीमचा पाया घालत नसतो. चुकला की शेजारच्याचा कोपर लागतो, लगेच कळतं. बँजो पार्टीतही तेच. एक हंगाम खुळखुळा हलवायचा, दुसऱ्या हंगामाला ताशा, आणि तोवर बँजोच्या सगळ्या चाली कानात बसलेल्या. एकादशीच्या भजनात टाळ घेऊन बसलेल्या पोराला ठेक्याचं व्याख्यान कुणी दिलंय? मग तेच पोर गिटारच्या क्लासला गेलं की आपण मेट्रोनोम लावून त्याला 'एक-दोन-तीन-चार' मोजायला लावतो, जणू ठेका त्यानं आयुष्यात ऐकलाच नाही.

एक चिठ्ठी आली आहे. "सर, टीका झाली. मग नवशिक्यानं नेमकं करायचं काय?" बरोबर आहे, टीका करणाऱ्याला हे विचारलंच पाहिजे. आम्ही गिटारमध्ये आप्त नाही, फक्त नवशिकेपणात आप्त आहोत, तेवढ्या अधिकारानं सांगतो.

एक तार घ्या. कुठलीही. तिला सा माना आणि फोनवरचा तंबोरा त्या सुरात लावा. मोकळी तार सा, दुसरा पडदा रे, चौथा ग, पाचवा म, सातवा प, नववा ध, अकरावा नी, बारावा वरचा सा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, मोजून बघा. आता तुम्हाला हजारदा ऐकलेली जी चाल येते, आरती असेल, अंगाई असेल, सिनेमातली असेल, ती या एका तारेवर शोधा. टॅब बघायचा नाही. शोधताना चुकाल, आणि चुकलेलं तुमचं तुम्हालाच कळेल, कारण चाल तुमची आहे. आम्हाला 'सुखकर्ता'ची पहिली ओळ सापडायला दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बाबा, तिसरा स्वर खाली." ते बरोबर होतं. आमचा पहिला आप्त!

मग मींड. इलेक्ट्रिकची तार हलकी असते ती कशासाठी, ते इथे कळतं. नवव्या पडद्यावरचा ध वाजवा, ऐका. मग सातव्यावर या, प वाजवा आणि तार बोटानं बाजूला ओढत ओढत त्या ध पर्यंत न्या. पोचला की नाही हे डोळ्याला दिसत नाही, आकड्यात लिहिता येत नाही, कानालाच कळतं. सतारवाले हेच करतात. पेटीला हे जन्मात जमत नाही, हे पेटीवाला म्हणून सांगतो. बी. बी. किंग यांच्या सुराला जो प्रसिद्ध कंप होता, तो असाच आला. त्यांचे नातलग बुका व्हाइट तारेवर नळी घसरवून वाजवत. किंगना ते जमेना, म्हणून कानात राहिलेला तो आवाज त्यांनी नुसत्या बोटानं गाठायचा प्रयत्न केला. गाठायचं काय ते आधी कानात होतं.

कॉर्ड, स्केल, थिअरी, हे सगळं शिकायचं का? शिकायचं, अवश्य. पण शंका आली की शिकायचं. ग चढा का लागतो असं ज्याला वाटलं त्याला 12 समान भागांचं गणित एका दुपारी समजतं. ज्याला वाटलंच नाही त्याला ते तीन वर्षं शिकवा.

आणि आठवड्यातून एकदा कुणाला तरी ऐकवा. त्याला गिटार येत नसली तरी चालेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना आमचं सांगणं आहे, पेपर खाली ठेवा.

दुसरी चिठ्ठी. "वयाच्या पन्नाशीनंतर सुरू करावी का?" आमच्याकडे बघा आणि ठरवा. बोटं हळू चालतात, बाकी अडचण नाही.

आता ॲम्प लावू. वीज आहे ना? ठीक. हा फोनवरचा तंबोरा नाही, खरा आणलाय, मिरजेचा. याचा भोपळा बहुधा आपल्याच जिल्ह्यातला, पंढरपूरकडचा. मिरजेचे कारागीर भोपळे तिकडून नेतात. म्हणजे परक्या ठिकाणी आणला असं त्याला वाटणार नाही. गिटारची तिसरी तार आम्ही याच्या षड्जाला लावली आहे. आधी नुसता तंबोरा ऐका. त्यातला ग ऐकू येतोय? हात वर करा. बरं. आता चौथा पडदा दाबतो. चढा वाटला का? ज्यांना वाटला त्यांनी संकोच करू नये. आता तिसऱ्या पडद्यावरून तार ओढून वर नेतो, तंबोऱ्यातल्या ग ला जाऊन मिळेपर्यंत. इथे... थांबा, आमचं बोट जरा कमी पडलं. हां, इथे.

आणि हे शेवटचं जवळ येऊन बघण्यासारखं आहे. तार दाबायची नाही, बोट नुसतं टेकवायचं आणि छेडायचं, म्हणजे तार तिचा स्वतःचा ग देते, खूप वरच्या सप्तकातला. तो चौथ्या पडद्यावर सापडत नाही. पडद्याच्या अलीकडे, साधारण चार मिलिमीटरवर सापडतो. चार मिलिमीटर, डोळ्यांना दिसतात. त्या मुलाला आम्ही या सभेला बोलावलं होतं, आणि तो आला आहे. हा साउंड त्यानंच लावलाय. ये रे इकडे. गिटार तू धर, तंबोरा आम्ही धरतो.

(यानंतर सुमारे वीस मिनिटे प्रात्यक्षिक झाले.)